पेटीतल्या घडीचा सातबारा

पातूर तालुक्यातल्या ज्या घरात १९६० ते १९८५ च्या दरम्यान लग्न झालं, त्या घरात एखादी जुनी मनगटी घडी निघतेच, असं मी पैजेवर सांगेन. मग ते घर आलेगावचं असो, चान्नीचं असो की खुद्द पातुरातल्या जुन्या गल्लीतलं. जावयाला सायकल, रेडिओ आणि घडी देण्याचा तो काळ होता. सायकल भंगारात गेली, रेडिओ पोरांनी खोलून संपवला. घडी मात्र लोखंडी पेटीत, शालूच्या खाली, तशीच पडून राहिली. काच पिवळी, पट्टा कडक, काटे कधीचे थांबलेले. दिवाळीची साफसफाई निघते, घडी हातात येते आणि घरात प्रश्न उठतो, "हे ओरिजिनल हाये का बापा?"

उत्तर घडीतच लिहिलेलं असतं. डायलवर थोडं, झाकणावर थोडं, मशीनवर थोडं. हे सगळे तुकडे एकच काळ सांगत असतील तर घडी खरी, आणि एखादा भलताच काळ सांगत असेल तर तिथे कोणीतरी हात मारलाय. जुनी घडी ओळखण्याची सगळी विद्या एवढ्यावर उभी आहे. बाकी तपशील फार मजेचे आहेत, ते पुढे येतातच. फक्त आधी एक कळकळीची विनंती: हे वाचून होईपर्यंत ती घडी पॉलिशला देऊ नका.

मळकी डायल लाखमोलाची

घरात पहिला सल्ला मिळतो तो हाच, की डायल खराब झालीय, रंगवून आणा. तिथेच घडीचा सगळ्यात मोठा पुरावा पुसला जातो. कारखान्यातली छपाई भिंगाखाली पाहावी अशी असते. अक्षरांच्या कडा धारदार, शाई किंचित उठावाची, मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांशी काटेकोर जुळलेल्या. जुनी डायल खरवडून नव्यानं छापली की अक्षरं जाड होतात, दोन शब्दांतलं अंतर चुकतं, मिनिटाची रेघ तासाच्या खुणेच्या बाजूने निसटते. सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरात जे 'स्विस' किंवा 'स्विस मेड' असतं, ते कित्येकदा विसरलेलंच असतं.

जगभरच्या घडीप्रेमींनी असल्या रंगवलेल्या घड्यांना 'मुंबई स्पेशल' असं नावच पाडलंय. पोपटी, नारंगी, जांभळी डायल, त्यावर मोठ्या स्विस कंपनीचं नाव, आत कुठलं तरी जुनं मशीन आणि वर चकचकीत पॉलिश. मुंबईच्या कारागिरांचा हात बारीक आहे, त्यात वाद नाही. बंद पडलेली घडी चालू करून कमी पैशात कोणाच्या मनगटावर चढवणं हे चांगलंच काम आहे. पण तीच घडी 'पन्नास वर्षं हात न लागलेली' म्हणून विकली जाते तेव्हा ती सरळ फसवणूक होते.

म्हणून ठोकताळा असा: पन्नास वर्षांची घडी आणि डायल कालच छापल्यासारखी, तर भिंग काढा. डायलच्या कडेला आलेली तपकिरी झाक, बारीक ठिपके, काट्यांच्या सावलीच्या जागी राहिलेला फिकट पट्टा, ही सगळी वयाची सही आहे आणि ती रंगवणाऱ्याला सहज जमत नाही.

झाकणाच्या आतला फेरफार

मागचं झाकण हा घडीचा सातबारा आहे. बाहेरच्या बाजूला घडी स्टीलची की पितळेवर मुलामा दिलेली, पाण्याला टिकणारी की नाही, मॉडेलचा क्रमांक कोणता, हे कोरलेलं असतं. खरी मौज आतल्या बाजूला आहे. जुने घडीसाज सर्व्हिसिंग केलं की झाकणाच्या आत सुईच्या टोकानं आपली खूण ओरखडून ठेवत. कधी तारीख, कधी आद्याक्षरं, कधी फक्त त्यांच्या वहीतला नंबर. नुसत्या डोळ्यांना ते ओरखडेच वाटतात. भिंग लावलं, झाकण उजेडात तिरकं धरलं, की आकडे दिसू लागतात. घडी कोणाकोणाच्या हातातून गेली त्याचा हा फेरफार.

याचा उपयोगही मोठा. समजा विकणारा म्हणतोय घडी १९६८ ची, आणि झाकणाच्या आत १९५४ ची खूण आहे. मग एकतर घडी त्याहून जुनी आहे किंवा झाकण दुसऱ्या घडीचं आहे. आणि आत एकही ओरखडा नाही, पण घडी म्हणे साठ वर्षं रोज वापरली? तर मग झाकण बदललं का, हे विचारा.

काही झाकणांवर बाहेरून नाव आणि तारीख कोरलेली असते. निवृत्तीची भेट, लग्नाची भेट. व्यापारी ते घासून काढायला सांगतात. घासू नका. तारखेसकट कोरलेलं नाव हा तुमच्या घरातला दस्तऐवज आहे.

झाकण उघडण्याचं काम मात्र घडीसाजाकडूनच करवून घ्या. चाकूचं टोक घालून उघडलेल्या झाकणाच्या कडेवर कायमचा चरा राहतो, आणि जरा हात घसरला तर बॅलन्सच्या डोलत्या चाकाची केसापेक्षा बारीक स्प्रिंग जाते.

सतरा ज्वेल म्हणजे सतरा माणकं?

"सतरा ज्वेलची घडी हाये, आत खरे माणिक हाये," हे वाक्य वऱ्हाडात किती घरांत ऐकू येतं! माणकं आहेत हे खरं, पण ती भट्टीत तयार केलेली. १९०२ मध्ये ओग्यूस्त व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं कृत्रिम माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली आणि घड्याळवाल्यांचा खर्च कोसळला. चाकांच्या आसांची टोकं त्या गुळगुळीत खड्यांत फिरतात, घर्षण कमी होतं, तेल टिकतं, धातू झिजत नाही. सतरा हा आकडा हातानं चावी द्यायच्या घडीला पुरेसा. स्वयंचलित घडीत चाकं जास्त, म्हणून एकवीस, तेवीस, पंचवीस. सोनाराकडे त्या खड्यांना किंमत नाही. घडीला मात्र त्यांच्यामुळेच आयुष्य आहे.

आणि सोन्याचं? 'गोल्ड प्लेटेड २० मायक्रॉन' म्हणजे वरचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. पट्टा अडकवतो त्या कोपऱ्यांवर तो आधी झिजतो आणि खालचं पितळ डोकावतं. भरीव सोन्याच्या घडीवर शुद्धतेचा छाप असतो, १८ कॅरट किंवा ७५०. सोनेरी केसला मागे 'स्टेनलेस स्टील बॅक' लिहिलेलं असेल तर ते बहुधा मुलाम्याचंच काम.

कापूस मुंबईला, घडी वऱ्हाडात

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा खेळू लागला. आणि नेमकं १८६५ मध्येच फ्रिट्झ फावर हा स्विस घड्याळवाला आपली फावर-ल्युबा घड्याळं घेऊन मुंबईत उतरला. दोनच वर्षांत, १८६७ मध्ये, मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून पुढे नागपूरला पोचली. पातूर या मुख्य मार्गापासून बाजूला, पण अकोल्याचं स्टेशन बैलगाडीच्या टप्प्यातलं. कापसाच्या गाठी त्या वाटेनं गेल्या आणि त्याच वाटेनं घड्या आल्या, हे माझ्या मनात कायम जोडलेलं आहे.

फावर-ल्युबाची सी चीफ, सी किंग, सी रेडर ही नावं आजही वऱ्हाडातल्या वयस्कर माणसांना तोंडपाठ. १९६२ मध्ये याच कंपनीनं बिव्हॉक नावाची घडी काढली, जी हवेचा दाब मोजून उंची सांगायची, आणि तीही बॅटरीशिवाय. पातूरच्या पेटीत बिव्हॉक निघेल अशी आशा फार धरू नका, पण सी चीफ निघू शकते. तिची परीक्षा सोपी आहे: मशीनवर कंपनीचं नाव किंवा 'एफएल' आणि पुढे क्रमांक कोरलेला हवा. डायलवर 'ट्विन पॉवर' लिहिलं असेल तर आत मुख्य स्प्रिंगची पिंपं दोन हवीत, कारण त्या नावाचा अर्थच दोन स्प्रिंगांचं मशीन. एकच निघालं, तर डायल आणि मशीन वेगवेगळ्या घरची.

दुसरी मानाची घडी वेस्ट एंड वॉच कंपनीची. १८८० च्या दशकात मुंबईत पाय रोवलेली ही स्विस कंपनी तिच्या मायदेशापेक्षा इथेच जास्त ओळखली गेली. सोवार, सोवार प्राइमा, क्वीन ॲन, मॅचलेस, सेकंडस ही तिची मॉडेलं. हिंदी फौजेतल्या शिपायांमध्ये ती फार चालत. जुन्या डायलवर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात 'बॉम्बे-कॅलकटा' दिसतं. दोन्ही शहरांची ही नावं एका तबकडीवर शाबूत असतील तर ती डायल जिवापाड जपा.

वेस्ट एंडच्या बाबतीत मात्र एक घोळ कायम होतो. झाकण उघडलं, आत भलत्याच कंपनीचं मशीन दिसलं, आणि घडी डुप्लिकेट ठरवून टाकली. थांबा. वेस्ट एंड मशीन दुसऱ्या कारखान्यांकडून घेत असे. सुरुवातीच्या बऱ्याच घड्यांत लाँजीन्सचं, नंतरच्यांत ए. शिल्डसारख्या कारखान्यांचं. बॅलन्सच्या चाकाशेजारी किंवा खाली 'एएस' आणि आकडा दिसला तर तो त्याच काळाचा रिवाज होता. कॅमी, हेन्री सँडोज अशी नावंही त्या काळी घराघरात होती, आणि अशा किती तरी स्विस नावांच्या आत तयार विकत घेतलेलीच मशीनं असत.

मशीन लाँजीन्सचं निघालं तर तुमचं नशीब जोरावर. त्या कंपनीनं स्वित्झर्लंडमधल्या सेंट इमिए गावात जुन्या मशीनांच्या हातानं लिहिलेल्या वह्या जपून ठेवल्यात. मशीनवरचा अनुक्रमांक कळवला की घडी कधी तयार झाली आणि कोणत्या व्यापाऱ्याकडे पाठवली, याची नोंद शोधून मिळू शकते. पातुरात बसून शंभर वर्षांपूर्वीची एक ओळ वाचायला मिळणं, याहून मोठी चैन मला तरी माहीत नाही.

जनता, कंचन, पायलट

आता आपल्या घरच्या घडीकडे. हिंदुस्थान मशीन टूल्सनं, म्हणजे एचएमटीनं, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बेंगळुरूला कारखाना काढला आणि १९६१ मध्ये पहिल्या घड्या पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडल्या. अगदी सुरुवातीच्या काही डायलवर एचएमटीसोबत सिटिझनचंही नाव आहे. अशी डायल तुमच्या पेटीत निघाली तर रंगारी, पॉलिशवाला आणि हौशी भाचा, तिघांपासूनही ती लांब ठेवा.

नावं पाहा: जनता, जवान, सोना, नूतन, कोहिनूर, रजत, कंचन, पायलट. 'जनता' तर देवनागरी आकड्यांच्या डायलमध्येही मिळायची. काच उघडून बोटांनी वेळ चाचपायची ब्रेल घडीसुद्धा एचएमटीनं काढली. लग्नाच्या खरेदीत चावी न देता चालणाऱ्या सोनेरी 'कंचन'चा रुबाब वेगळा. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि कालपर्यंत कोणी न विचारलेल्या घड्यांना गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाइकामागून रंगारी आले.

सगळ्यात जास्त हाल 'पायलट'चे झाले. मूळची काळी डायल, ठळक आकडे, फौजी थाट. आता ती सगळ्या रंगांत विकायला आहे. 'जनता'च्या डायलवर 'पायलट' छापणं अवघड नाही, कारण दोघींच्या आत बहुधा एकाच घराण्यातलं ०२३१ हे मशीन असतं. त्यामुळे इथे मशीन पाहून उलगडा होत नाही, डायल आणि काटेच पाहावे लागतात. काट्यांची लांबी बघा. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचायला हवा. आखूड पडला तर तो दुसऱ्या घडीचा.

सेकोची जन्मपत्रिका

आखातात नोकरीला गेलेल्या माणसानं आणलेली सेको फाइव्ह हाही पेटीतला नेहमीचा ऐवज. तिच्यासारखी सोपी परीक्षा कोणत्याच घडीची नाही. झाकणावर दोन आकडे जोडून असतात, उदाहरणार्थ ६११९-८०८३. पहिले चार मशीनचे, दुसरे चार केसचे. डायलच्या तळाशीही अगदी बारीक आकडे असतात आणि त्यांचे पहिले चार झाकणाशी जुळायला हवेत. आतल्या मशीनवरही तेच हवेत. तिन्ही ठिकाणी ६११९, तर शाब्बास.

अनुक्रमांकाचा पहिला आकडा जन्मवर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी इंग्रजी ओ, एन, डी. म्हणजे ४२ नं सुरू होणारी घडी कुठल्या तरी दशकातल्या चौथ्या वर्षाच्या फेब्रुवारीतली. १९७४ की १९८४? मशीन ६११९ असेल तर १९७४, कारण ते मशीन साठच्या दशकाअखेरीस आलं आणि ऐंशीच्या आधीच मागे पडलं.

वारसुद्धा बोलतो. घडीत वार दोन भाषांत असतात. वार पुढे सरकवत राहा. दुसरी भाषा अरबी निघाली तर घडी आखाती बाजारासाठी बनलेली. जपानी अक्षरं निघाली तर ती जपानातल्या दुकानासाठी. काका दुबईला होते, ही घरातली गोष्ट असा पक्का पुरावा देते तेव्हा फार आनंद होतो.

काळ चुकला की पकडला

काही तारखा पाठ ठेवल्या की बाजारात निम्मी फसवणूक टळते. पडल्यावर आस तुटू नये म्हणून बसवलेली इन्काब्लॉक ही योजना १९३४ च्या आसपासची. बॅलन्सच्या मधोमध वीणेच्या आकाराची इवलीशी स्प्रिंग दिसते. ती असेल आणि विकणारा म्हणत असेल '१९२० ची', तर नमस्कार करून पुढे जा. क्वार्ट्झ मनगटी घडी १९६९ च्या नाताळाला टोकियोत सेकोनं पहिल्यांदा विकली. सेकंदकाटा टिक् टिक् उड्या मारत असेल तर त्याआधीची तारीख बहुधा खोटी. १९४० च्या पुरुषी घड्या साधारण ३० ते ३५ मिलिमीटरच्या. त्या काळची म्हणून बशीएवढी घडी दाखवली, तर खिशातल्या घड्याळाचं मशीन नव्या केसमध्ये बसवलेलं असण्याची शक्यता मोठी.

अंधारात चमकणारे काटे

हा प्रकार गमतीचा आहे आणि गंभीरही. १९१० च्या दशकापासून साठच्या दशकापर्यंत आकड्यांवर आणि काट्यांवर खरंखुरं रेडियम लावत. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी जुळवायच्या. रेडियम पोटात गेलं, जबडे सडले, कित्येक जणी तरुणपणी गेल्या. त्यांनी कंपनीविरुद्ध दिलेल्या लढ्यामुळे कामगारांच्या सुरक्षेचे नियम बदलले.

रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. तुमच्या घडीचे काटे आज चमकत नसतील, कारण चमकणारं रसायन जळून गेलंय. रेडियम तसंच आहे. म्हणून असली डायल खरवडू नका, फुंकू नका, पोरांच्या हाती उघडी देऊ नका. बंद केसमध्ये ठेवा.

साठच्या दशकात ट्रिटियम आलं आणि डायलच्या तळाशी 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' आला. घडी १९४५ ची आणि डायलवर दोन टी? डायल नंतरची. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे बारा वर्षं, तेव्हा १९६५ ची डायल आज रात्रभर लख्ख चमकत असेल तर तिला नवा मसाला लावलाय.

एकोणचाळीस मिनिटांची मुंबई

हे घडी ओळखायला उपयोगी नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईनं आपली जुनी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत जपली. ती ३९ मिनिटं मागे. म्हणजे गाडीनं मुंबईला उतरलेल्या अकोल्याच्या माणसाची घडी बरोबर, शहरातली कित्येक घड्याळं तेवढी मागे. आणि सूर्याला विचाराल तर पातुरात तो वर्षभराच्या सरासरीनं बारा वाजून बावीस मिनिटांनी डोक्यावर येतो.

कान लावा

हातानं चावी द्यायची एचएमटी तासाला १८,००० ठोके मारते, सेकंदाला पाच. सेको ६११९ चे सेकंदाला सहा. मोबाइलवर आवाज टिपून हळू चालवला की मोजता येतात, आणि ठोके मोजून देणारी ॲपही मिळतात. डायलवर एक नाव, ठोके दुसऱ्याचे, असं झालं की झाकण उघडायला हरकत नाही.

पण बरीच वर्षं बंद असलेल्या घडीला लगेच चावी देऊन ऐकत बसू नका. आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं आणि कोरडी चाकं एकमेकांना घासतात. आधी सर्व्हिसिंग. घडीसाजाला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: डायल पुसायची नाही, केस पॉलिश करायची नाही, बदललेला प्रत्येक भाग पुडीत बांधून परत द्यायचा. चांगला घडीसाज यावर रागावत नाही, उलट खूश होतो.

आता टायटनही पेटीत

टाटा आणि तामिळनाडू सरकारच्या महामंडळानं मिळून १९८४ मध्ये टायटन उभी केली, होसूरला कारखाना टाकला, आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात क्वार्ट्झ घड्यांनी बाजार व्यापला. त्या पहिल्या पिढीतल्या टायटन आज पस्तिशी ओलांडून बसल्यात आणि त्यांची खरी-खोटी परीक्षा लवकरच सुरू होणार आहे. त्यांना धोका रंगाऱ्याचा कमी, सेलचा जास्त. बंद पडलेल्या घडीत सेल तसाच राहिला की तो गळतो आणि सर्किट खातो. तेव्हा आज पेटी उघडलीच आहे तर एचएमटी बाजूला ठेवा आणि टायटनमधला सेल आधी काढून घ्या.